आजोबा, ते परत सांगा ना! वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी आजीच्या बटणांच्या डब्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. ती एकेक बटण काढून हे कुठल्या कपड्याचं, तो कपडा कुणी घातला, कधी फाटला ते सांगायची आणि मी ते कधीच लिहून ठेवलं नाही, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. घरातल्या गोष्टी लोकांनी इतक्या मोकळेपणाने लिहिल्यात की नावं कुणाचीच छापत नाहीये, आणि लांब पत्रं थोडी कापलीत, रागावू नका.

प्रश्न: ताई, माझे आजोबा ८४ वर्षांचे आहेत. एरवी गप्पांना बसले की थांबत नाहीत, पण मी समोर फोन ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं की एकदम ताठ बसतात, घसा खाकरतात आणि 'माझा जन्म एका सामान्य कुटुंबात झाला' असं भाषण सुरू. दहा मिनिटांत संपलं पण, म्हणाले झालं, आता आणखी काय सांगू. मी तर ४० प्रश्नांची यादी करून बसलो होतो. माझं काय चुकतंय?

उत्तर: अरे, आधी ती यादी बाजूला ठेव. तिच्यात पहिला प्रश्न 'तुमच्या बालपणाबद्दल सांगा' हाच असणार, पैज लावते. अशा प्रश्नाला कुणीही भाषणच देणार. तुला कुणी म्हटलं की कॉलेजबद्दल सांग, तर तू तरी काय सांगशील, छान होतं, मजा आली, संपलं. तेच जर विचारलं की तुझ्या शेजारच्या बाकावर कोण बसायचं आणि त्याच्याशी भांडण कशावरून झालं, की तू अर्धा तास बोलशील. आजोबांनाही तसंच छोटं काहीतरी विचार. शाळेत जाताना पायात काय असायचं? घरात सगळ्यात आधी कोण उठायचं? तुम्ही झोपायचात कुठे, आणि बाजूला कोण असायचं? या शेवटच्या प्रश्नावरून घरात किती माणसं होती, कोण आजारी होतं, कोणाशी कोण बोलत नव्हतं, सगळं बाहेर येतं, विचारून बघ.

माझं सांगते. माझ्या आजोबांच्या चष्म्याची एक दांडी मोडली होती आणि त्यांनी ती काळ्या दोऱ्याने बांधली होती, पण कशी, तर एकाला एक लागून सगळे वेढे, मध्ये फट नाही, गाठ कुठे दिसत नाही. इतकी वर्षं ती दांडी रोज बघत होते मी. एकदा सहज म्हटलं, आजोबा, हे इतकं नीट कुणी बांधून दिलं? म्हणाले, मीच. कुठे शिकलात? तर म्हणे बायंडिंगवाल्याकडे. कुठल्या बायंडिंगवाल्याकडे? आणि मग कळलं की चौदाव्या वर्षी वडील आजारी पडले म्हणून शाळा सोडून दीड वर्ष ते पुस्तकं शिवायला जात होते. हे माझ्या बाबांनासुद्धा माहीत नव्हतं!! मग उठले, दोरा शोधला, एक टोक दातात धरलं आणि ताण कसा ठेवायचा ते दाखवायला लागले. दातात दोरा धरून बोलतायत त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये अर्धे शब्द कळतच नाहीत, आणि नेमका तोच तुकडा मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलाय.

तर सांगायचं काय, हातात काहीतरी वस्तू असू दे. जुना फोटो, घड्याळ, पत्र, कुलूप, काहीही. हात कामात असले की माणूस फोन विसरतो. फोटो असेल तर आधी उलटा करून मागे काय लिहिलंय ते वाच, आणि फोटोतल्या माणसांपेक्षा फोटोत नसलेल्यांबद्दल विचार, हा कुणी काढला, त्या दिवशी कोण आलं नव्हतं.

दुसरं, वयाचं. म्हातारपणी माणसाला साधारण १० ते ३० या वयातलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात स्पष्ट आठवतं, मानसशास्त्रात याला 'रेमिनिसन्स बम्प' म्हणतात. म्हणून पहिली नोकरी, पहिला पगार, पहिल्यांदा घर सोडलं तो दिवस, इथून सुरुवात कर. जन्मापासून क्रमाने जायची काही गरज नाही, क्रम तुला नंतर लावता येईल. आणि घरात कोणी म्हटलं की उगाच त्यांना जुनं उकरायला लावू नकोस, तर एक सांग. पूर्वी डॉक्टर लोकांनाही वाटायचं की म्हातारी माणसं जुन्यातच रमतात म्हणजे डोकं चालेनासं झालं. १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी लिहिलं की हे उलट आहे, आयुष्याकडे असं मागे वळून बघणं या वयात स्वाभाविक आहे आणि बऱ्याचदा माणसाच्या भल्याचंच असतं. त्यांनी त्याला 'लाइफ रिव्ह्यू' असं नाव दिलं.

तिसरं, गप्प बस. खरंच. त्यांचं वाक्य संपलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस, मनात दहापर्यंत मोज. सातआठ आकड्यांच्या आसपास ते स्वतःच 'आणि तुला सांगतो' म्हणतात आणि खरी गोष्ट तिथून पुढे असते.

ऐकायला कमी येत असेल तर ओरडू नकोस. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, त्यामुळे किंचाळलं की अजूनच कळत नाही, समोर तोंड दिसेल असं बसून जरा खालच्या पट्टीत सावकाश बोल. पाऊण तासावर जाऊ नकोस. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात स्टोरीकॉर्प्स नावाच्या संस्थेने एक छोटी खोली उभारली, तिथे नात आणि आजी, बाप आणि मुलगा अशी ओळखीची दोन माणसं ४० मिनिटं एकमेकांशी बोलायची आणि ते रेकॉर्ड व्हायचं. त्यांनीही पत्रकार बसवला नाही बघ, घरचंच माणूस बसवलं. तू तिथे आहेस हीच तर सोय आहे.

आणि लपवून रेकॉर्ड करू नकोस, सांगून कर, चालू झाल्यावर तारीख आणि दोघांची नावं बोल. फोन एअरप्लेन मोडवर टाक, नाहीतर रंगात आलेल्या गोष्टीत कुणाचातरी कॉल येतो आणि रेकॉर्डिंग बंद पडतं. फोनखाली घडी केलेलं कापड ठेव. माझं पहिलं रेकॉर्डिंग पूर्ण पंख्याचं आहे, मधूनमधून आजोबा टेबलावर टकटक करतात आणि खूप लांबून कुणीतरी बोलल्यासारखं ऐकू येतं.

प्रश्न: आई आणि मावशी एकच प्रसंग दोन तऱ्हेने सांगतात. आजी पुरात घरातून कशी बाहेर पडली तो. आई म्हणते आजीने माझ्या मामाला पाठीवर बांधलं होतं, मावशी म्हणते मामा तेव्हा जन्मलाच नव्हता, पाठीवर ती स्वतः होती. दोघी ठाम. मी लिहून ठेवतेय तर मी खरं काय लिहू? आणि मावशी तेव्हा दोन वर्षांची होती, तिला कसं आठवेल?

उत्तर: दोन्ही लिहा. एकीने सांगितलेलं एका पानावर, दुसरीचं दुसऱ्या पानावर, वर सांगणारीचं नाव आणि तारीख. मधला मार्ग काढून तुम्ही तिसरंच काही लिहिलंत तर ते मात्र नक्की खोटं असेल, कारण तसं कुणीच सांगितलेलं नाही.

मावशींबद्दलची तुमची शंका बरोबर आहे. माणसाची सगळ्यात पहिली आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्याआधीचं बहुतेकांना आठवत नाही. म्हणजे मावशींनी तो प्रसंग बहुधा आजीकडून शंभरदा ऐकलाय आणि ऐकताऐकता तो त्यांना 'दिसायला' लागलाय. यात खोटेपणा काहीच नाही हं. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच दाखवलं होतं की आठवण म्हणजे कपाटातून काढलेला कागद नाही, प्रत्येक वेळी ती आपण नव्याने जुळवतो आणि जुळवताना आपल्या ओळखीच्या गोष्टी त्यात बसवतो. पुढे १९९५ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी २४ जणांना सांगितलं की लहानपणी तुम्ही दुकानांच्या मोठ्या इमारतीत हरवला होता, घरच्यांनीच सांगितलंय. असं काही घडलेलंच नव्हतं, तरी त्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना ते पूर्ण किंवा थोडंफार 'आठवलं'.

मामांची जन्मतारीख आणि पुराचं वर्ष कागदावर सापडलं तर एवढा एक मुद्दा सुटेल. सोडवा आणि बाजूला टिपून ठेवा, पण म्हणून आईचं पान फाडू नका. आईला पाठीवर मामाच का दिसतो, हा मला वैयक्तिकरीत्या पुरापेक्षा जास्त इंटरेस्टिंग प्रश्न वाटतो. फक्त तो दोघींना एकत्र बसवून विचारू नका, भांडण होईल आणि रेकॉर्डिंगमध्ये फक्त भांडणच राहील (अनुभव आहे).

प्रश्न: माळ्यावर ११ कॅसेट सापडल्या. एकीवर वडिलांच्या अक्षरात 'आईचा आवाज' लिहिलंय. आमच्याकडे आता टेपच नाही. एका ओळखीच्याने त्याचा जुना देतो म्हटलंय. लावून बघू का? आणि नंतर व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवणार आहे.

उत्तर: थांबा!! लगेच लावू नका. आधी कॅसेटच्या छोट्या खिडकीतून आत बघा, टेपवर पांढरट बुरशी दिसतेय का. दिसली तर घरी अजिबात लावू नका, जुन्या टेप साफ करून कॉपी करून देणारी माणसं असतात त्यांच्याकडेच द्या, नाहीतर बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला (आवाज वाचणाऱ्या भागाला) लागते आणि मग बाकीच्या दहा कॅसेटही जातात. बुरशी नसेल तर दुसरं काम, कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे असतात ते मोडून टाका. ते मोडले की त्यावर चुकून रेकॉर्ड होत नाही. हे लहान वाटतं, पण प्ले दाबायच्या ऐवजी दोन बटणं एकदम दाबली गेली आणि आजीच्या आवाजावर आपलीच 'अरे चालू झालं का' अशी कुजबुज टेप झाली असं एका घरात झालेलं मला माहितीय, घर कुठलं ते विचारू नका.

टेप कसा आहे ते आधी नको असलेल्या एखाद्या गाण्याच्या कॅसेटवर तपासा, ती गुंडाळून खाल्ली नाही तर मगच पुढे. 'आईचा आवाज' सगळ्यात शेवटी लावा, आणि लावाल तेव्हा पहिल्याच वेळी कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग चालू ठेवूनच लावा, कारण जुनी टेप दुसऱ्यांदा वाजेलच अशी खात्री नसते. घाई चालत नाही, ६० मिनिटांची कॅसेट कॉपी व्हायला ६० मिनिटंच लागतात.

मूळ फाईल डब्ल्यूएव्ही फॉरमॅटमध्ये ठेवा. मोठी होते, स्टिरिओत मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे तासाला ६०० च्या वर, पण त्यात आवाजातलं काही कापलेलं नसतं. एमपी३ मध्ये कापतात, आणि एकदा कापलेलं परत येत नाही. नातेवाइकांना पाठवायला एमपी३ ठीक आहे, व्हॉट्सॲपवर पाठवा पण मग तीच एक कॉपी असं नको. तीन कॉप्या ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी (कॉम्प्युटर, पेनड्राइव्ह असं), त्यातली एक दुसऱ्या घरी. फाईलचं नाव 'न्यू रेकॉर्डिंग ७' असं ठेवलंत तर पाच वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही, वर्ष, कोण बोलतंय, कशाबद्दल, एवढं नावातच घाला. आणि कॅसेट कॉपी झाल्या म्हणून फेकू नका, वडिलांचं अक्षर आहे ना त्यावर.

प्रश्न: माझी आजी विसरायला लागलीय. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलाय. मला कधीकधी आईच समजते. दिवसातून चार वेळा तीच एक गोष्ट सांगते, शाळेच्या भिंतीवरून उडी मारल्याची. आता रेकॉर्ड करण्यात काही अर्थ आहे का? खूप उशीर केला मी.

उत्तर: ती चार वेळा सांगते ना, मग चार वेळा रेकॉर्ड कर. तंतोतंत सारखी नसते कधी, एकदा भिंत उंच असते, एकदा खाली मैत्रीण उभी असते, एकदा मार बसतो. या आजारात साधारणपणे आधी अलीकडचं जातं, सकाळी काय झालं ते आठवत नाही पण फार जुनं बराच काळ टिकून राहतं, म्हणून आजी आता त्या भिंतीपाशी आहे.

फक्त 'आठवतंय का?' हा शब्द आता बोलण्यातून काढून टाक. त्यांच्यासाठी ती परीक्षा होते आणि नापास झाल्यासारखं तोंड होतं, तू पाहिलं असशील. त्याऐवजी तूच सुरू कर, 'तू भिंतीवरून उडी मारलीस तेव्हा' आणि थांब. चुकलं तर दुरुस्त करू नकोस. तुला आई समजली तर समजू दे, पाच मिनिटं आई हो, तिला आईला काय सांगायचं असतं ते ऐक ना. लहानपणी ऐकलेलं गाणं लावून बघ, बोलणं अडखळत असलं तरी गाण्याचे शब्द येतात असं बऱ्याच घरी दिसतं. दमली, चिडली की बंद, त्या दिवशी पुन्हा नाही. आणि उशिराचं म्हणशील तर ज्यांची पत्रं आलीत त्यातल्या निम्म्या जणांनी हेच लिहिलंय, त्यात ज्यांचे आजीआजोबा ठणठणीत आहेत तेही आहेत.

प्रश्न: आजीने मला एक गोष्ट सांगितली, रेकॉर्डिंग चालू असताना. आजोबांच्या आधी तिचं एक लग्न ठरून मोडलं होतं आणि का मोडलं ते. मग म्हणाली, हे कुणाला ऐकवू नकोस. आता सगळे भाऊबहीण रेकॉर्डिंग मागतायत.

उत्तर: नाही द्यायचं. कुटुंबाची गोष्ट आहे वगैरे कितीही म्हटलं तरी ती आधी तिची आहे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये मौखिक इतिहासाचं, म्हणजे लोकांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकून जपून ठेवायचं काम सुरू केलं, ते विद्यापीठातलं अशा तऱ्हेचं पहिलं मोठं केंद्र मानलं जातं. तेव्हापासून या क्षेत्रात एक पद्धत पक्की झालीय, बोलणाऱ्याची लेखी परवानगी घ्यायची, आणि त्याने सांगितलं तर एखादा भाग ठरावीक वर्षं बंद ठेवायचा. तुम्हीही तसंच करा. मूळ फाईल तशीच ठेवा, तिला हात लावू नका, तेवढा भाग काढून दुसरी कॉपी बनवा आणि ती सगळ्यांना द्या. मग आजीला शांतपणे विचारा, कधीच नको की तू असेपर्यंत नको? दोन्हीत खूप फरक आहे. काय म्हणेल ते रेकॉर्ड करा आणि मूळ फाईलबरोबर ठेवा. पुसून टाक म्हणाली तर पुसायचं. मन दुखेल, पण पुसायचं.

प्रश्न: माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, म्हणतो हे सगळं ऐकून मला काय मिळणार? काय सांगू त्याला?

उत्तर: काही सांगू नका, त्याला रेकॉर्डिंगचं काम द्या, इअरफोन लावून आवाज नीट येतोय का बघायला बसवा. कान तिथे अडकले की पुढचं आपोआप. बाकी तुमच्या समाधानासाठी, अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश यांनी मुलांना २० साधे प्रश्न विचारले होते, आजीआजोबा कुठे वाढले, आईवडील कसे भेटले असे. ज्यांना जास्त माहीत होतं त्यांचा स्वतःबद्दलचा विश्वास जास्त दिसला. पण उत्तरं पाठ करून घेतली की विश्वास वाढतो असा त्याचा अर्थ नाही, ज्या घरात एकत्र बसून बोलतात तिथे दोन्ही असतं एवढंच. तेव्हा कृपा करून त्याची परीक्षा घेऊ नका.

प्रश्न: माझे चारही आजीआजोबा गेलेत. आवाज नाही, पत्र नाही, दोन फोटो आहेत. मी काय करू?

उत्तर: एक मोठा कागद घ्या आणि त्यांच्या घराचा नकाशा काढा. चित्रकला यायची गरज नाही, चौकोन काढा. दार कुठे, दार उघडलं की आवाज यायचा का, आजी कुठल्या भिंतीला टेकून बसायची, तुम्हाला कुठल्या खोलीत जायला मनाई होती, उजेड कुठून यायचा. पेन एखाद्या कोपऱ्यात अडेल, तिथे काय होतं ते आठवणार नाही, तो कोपरा रिकामा सोडा आणि कागदाचा फोटो काढून बहिणीला, चुलतभावाला पाठवा. त्यांना तुमची चूक दिसली की राहवणार नाही, 'जिना डावीकडे होता गं!' असा मेसेज येईलच, आणि त्यामागून जिन्यावरची गोष्ट. मग लगेच फोन करा आणि ते रेकॉर्ड करा, कारण आता तुमच्या घरातले साक्षीदार तेच आहेत. लिहून काढायचं असेल तर सगळं शब्दशः उतरवायच्या फंदात पडू नका, तासाभराच्या बोलण्याला चार ते सहा तास सहज जातात. कितव्या मिनिटाला कशाबद्दल आहे तेवढी यादी करा, आणि सगळ्यात आवडलेली पाच मिनिटं मात्र शब्दन् शब्द उतरवा, 'अं' आणि 'म्हणजे काय की' यांसकट. फोनमधलं आपोआप लिहून देणारं ॲप वापरायला हरकत नाही, पण नावं आणि घरातले खास शब्द ते हमखास चुकतं, तेवढे तपासा.

आणि डब्याचं काय झालं असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकदमच सांगते, डबा माझ्याकडे आहे. ४३ बटणं निघाली. त्यातली सहा कशाची ते मला सांगता आलं, दोन बहिणीने ओळखली, आणि एका मोठ्या हिरव्या बटणावरून आम्ही दोघी अजून भांडतोय.